आडवं कपाट

खट् असा आवाज झाला आणि वारा बंद झाला.

मी कुशीवर होते, डोळा लागतच होता. हे शेजारी तोंडावर पेपर घेऊन पडलेले. बाहेर वांगणीची दुपार, होळी होऊन चार दिवस झालेले, आणि आमच्या ओळखीतल्या कैलासच्या शेताच्या बांधाला आम्ही आमची करंजी उभी केलेली. करंजी म्हणजे गाडी हो. दोन चाकांची, दुसऱ्या गाडीच्या मागे जोडून न्यायची. आत दोघांना झोपण्यापुरती जागा, आणि मागचं झाकण वर केलं की स्वयंपाकघर. यांनी स्वतःच्या हातांनी बनवलेली. खाली सपाट, वर फुगीर, मागे निमुळती. आमच्या सोसायटीतल्या हिमानीने बघितल्या बघितल्या नाव ठेवलं, तेच पडलं.

"वाऱ्याने लागलं दार," हे पेपरखालून म्हणाले.

"उघडा ना मग. भट्टी होईल आत."

हे उठले. म्हणजे अर्धेच उठले, कारण करंजीत पुरतं बसलं की डोकं लागतं. गुडघ्यांवर दारापर्यंत गेले. मी डोळे मिटून वाऱ्याची वाट बघत होते. वारा येईना. बघितलं तर हे दारावर तळहात ठेवून नुसते बसलेले.

"काय झालं?"

"कुंदा," हे म्हणाले, "आतून काहीच नाहीये."

"काय नाहीये?"

"कडी. हँडल. मी लावलंच नाही."

मला हसू आलं. देवाशप्पथ, हसले मी. मग यांचं तोंड बघितलं आणि हसू तिथेच थांबलं. या माणसाला मी बेचाळीस वर्षांत घाबरलेला बघितला नव्हता. बदलापूरच्या मांजर्लीत पुराचं पाणी आमच्या जुन्या घरात कमरेपर्यंत आलं, तेव्हासुद्धा हे स्टुलावर उभे राहून पंख्याचे स्क्रू काढत होते, मोटर भिजेल म्हणून. आणि आता हे दारावरून हात फिरवत नसलेली कडी शोधत होते.

तुम्ही म्हणाल, एवढा जुना कारागीर, दाराला आतून कडी लावायला विसरतो कसा. विसरले नाहीत ते. त्यांच्या हातांना ते माहीतच नव्हतं.

यांनी जन्मभर कपाटं बनवली. उल्हासनगरला लछमनसेठच्या कारखान्यात. पत्र्याची, आरशाची, मुलीला लग्नात देतात तसली. विठ्ठलवाडीपासून कर्जतपर्यंत अशी गल्ली नाही जिथे यांचं एक कपाट उभं नाही. थोडं वाढवून सांगतेय, पण फार नाही. लछमनसेठ म्हणायचे, "शशीभाई, कपाट ऐसा बनाओ के चींटी भी पूछ के अंदर जाए." हे तसंच बनवायचे. दाराला गोल रबर, सांध्यांत पुट्टी, आणि हँडल फिरवलं की आतल्या दोन सळया, एक वर, एक खाली, चौकटीत घट्ट बसायच्या. हँडल जड. दार चौकटीला टेकलं की आपल्या वजनाने खाली पडून बंद होणार. कपाट आतून उघडायला कशाला लागतं? साड्यांना कुठे बाहेर जायचंय?

आणि गाडी बनवायचं खूळ यांचं नव्हतं. माझ्या जिभेचं होतं.

मागच्या वर्षी आमच्या मजल्यावरच्या गोदूताई केरळला जाऊन आल्या. टूरने. खाली बाकावर बसून त्यांनी आम्हाला तीनशे फोटो दाखवले, प्रत्येकात त्याच, मागे फक्त झाडं बदललेली. मला राहवलं नाही. मी आदल्याच दिवशी मोबाइलवर परदेशातली असली गाडी बघितली होती. मी म्हटलं, "आम्ही नाही हो टूरबिर करणार. आमचे हे गाडीच बनवतायत. आत पलंग, मागे किचन. कन्याकुमारीला निघालो की वाटेत जिथे सूर्य मावळेल तिथे झोपायचं." थाप मारली. मी मारते थापा, सगळ्या बिल्डिंगला माहिती आहे. संध्याकाळ बरी जाते.

हे पलीकडच्या बाकावर होते. सगळं ऐकलं. हे स्वतः खोटं बोलत नाहीत आणि माझं खोटं चारचौघांत खोडतही नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी अंबरनाथच्या भंगारवाल्यांकडे गेले आणि संध्याकाळी टेम्पोतून लोखंडी अँगल, जुन्या व्हॅनचा ॲक्सल आणि दोन चाकं घेऊन उतरले.

"हे काय?" मी म्हटलं.

"तुझी कन्याकुमारी."

सात महिने चाललं ते, खाली पार्किंगमध्ये. सोसायटीचा सेक्रेटरी जितेश दुसऱ्याच दिवशी आला. "काका, हे काय चाललंय?"

"कपाट आहे," हे म्हणाले. "आडवं."

"आडवं कशाला?"

"उभ्यात झोपता येत नाही."

कारखाना बंद झाल्यापासून हे खुर्चीत बसून भिंतीकडे बघायचे. हल्ली लोक तयार वॉर्डरोब आणतात, पत्र्याला कोण विचारतं. आता हेच सकाळी सहाला उठून पत्र्याशी बोलायला लागले. छताचा गोल बाक काढायला पत्रा पाइपावर ठेवला आणि मला म्हणाले, "बस." मी बसले. सासरी पहिल्यांदा माझं वजन कामी आलं. रिव्हेट मारताना मागून पट्टी मी धरायचे. मागचं किचन माझ्या मापाने केलं, पोळपाटाची रुंदी मोजून, मसाल्याच्या डब्याला वेगळा कप्पा. संध्याकाळी दार उघडं टाकून, गादीवर बसून, पाय बाहेर सोडून आम्ही चहा प्यायचो. पार्किंगमध्येच. मी म्हणायचे, "ते बघा, आलं रामेश्वर," आणि हे समोरच्या स्कूटरकडे बघून मान हलवायचे. इतकं सुख मला कुठल्या केरळात मिळालं नसतं.

पण दार लावून आत कधी बसलो नाही. गरजच पडली नाही.

आणि अजून एक सांगते, मला लाज वाटते तरी. दाराच्या आतल्या बाजूला त्या सळया उघड्या होत्या. हाताने ओढल्या असत्या तरी दार उघडलं असतं. मीच म्हटलं, "अहो, कपाटात झोपल्यासारखं वाटतं, झाका ते." मग यांनी वर प्लायवूड मारलं, त्यावर फोम, त्यावर मरून रेक्झिन, मध्ये मध्ये बटणं. सोफ्यासारखं झालं. मी हात फिरवून म्हटलं होतं, आता कसं घर वाटतंय.

तर असे आम्ही दोघं त्या घरात बसलेलो.

"मोबाइल?" मी विचारलं.

"मागे. किचनमध्ये."

"आणि पंप?"

यांनी मागच्या भिंतीकडे बघितलं. मला तेव्हा कळलं की हे एवढे का घाबरलेत. चाळीस वर्षं कपाटांना रंगाचा फवारा मारून यांच्या छातीत दमा बसलाय. उन्हात, कोंडलेल्या हवेत, धुळीत तो उठतो, आणि उठला की पंपाशिवाय बसत नाही. पंप मागे होता, मसाल्याच्या डब्याशेजारी. आमच्या उशीपासून वीतभर लांब. मध्ये पत्र्याची भिंत, यांनीच रिव्हेट मारून पक्की केलेली. बाहेर जाऊन झाकण उघडल्याशिवाय तिथे हात पोचत नाही.

"कैलास कधी येणार?"

"बदलापूरला गेलाय, खत आणायला. पाच म्हणाला."

यांच्या घड्याळात दोनला वीस कमी होते.

छताला पंख्यासाठी भोक पाडलेलं होतं, पण पंखा आणायचा राहिला म्हणून वर तात्पुरती पत्र्याची चकती मारलेली. बोल्ट बाहेरून. खिडकी एकच, ताटाएवढी, गोल, न उघडणारी. काच नाही, ते ॲक्रिलिक. जितेशसमोर यांनी त्याच्यावर हातोडी मारून दाखवली होती, बघ, ओरखडासुद्धा नाही. मी आता त्याच्यावर मुठी मारल्या. मग टाच मारली. टाच सुजली.

"ओरडू नकोस," हे म्हणाले. "हवा संपते."

मी तरी ओरडले. कैलासच्या नावाने, रखमाबाईच्या नावाने, नंतर नुसतीच. दाराला रबर, सांध्यांत पुट्टी, भिंतीत थर्माकोल. माझा आवाज माझ्याच कानात परत येत होता. मुंगीसुद्धा विचारून आत येईल असं कपाट, त्यातून म्हातारीचा आवाज कसा बाहेर जाणार.

मग खिडकीतून मला रखमाबाई दिसल्या. कैलासची आई. लांब, दुसऱ्या बांधावर, डोक्यावर गवताचा भारा. माझ्या जिवात जीव आला. मी तोंड खिडकीला लावलं आणि दोन्ही हात जोरजोरात हलवले. त्या थांबल्या. एका हाताने भारा धरला, दुसरा हात कपाळावर धरून बघितलं. मी अजून हलवले. दार दाखवलं, गळा धरून दाखवला. रखमाबाईंनी छान हसून हात हलवला. मग वळल्या आणि गेल्या.

"कोण होतं?" यांनी विचारलं.

"कोणी नाही," मी म्हटलं.

पत्रा तापत होता. छताला हात लावला तर तव्यासारखा. गादीला नव्या फोमचा वास सुटला, रेक्झिनचा, डिंकाचा. घामाने माझं पोलकं पाठीला चिकटलं. हे भिंतीला टेकून बसले, मान पुढे, हात गुडघ्यांवर, आणि मला तो आवाज ऐकू आला. बारीक शिट्टीसारखा. श्वास आत जाताना नाही, बाहेर येताना. रात्री-अपरात्री तो आवाज ऐकून मी कितीदा उठलेय, दिवा लावलाय, पंप हातात दिलाय. आता माझा हात रिकामा होता, आणि त्या रिकाम्या हाताचं काय करायचं हेच मला कळेना.

यांचा श्वास घाईने सुरू झाला की अजून घाई होते, हे मला माहीत होतं. यांना शांत ठेवायला हवं. म्हणून मी म्हटलं, "ऐका. कैलासच्या पिकअपचा आवाज आला."

हे थोडं ऐकत राहिले. "कुंदा, खोटं बोलतेस."

"हो."

"बोल अजून."

मग मी बोलत गेले. मला दुसरं काय येतं? माझे आजोबा एकदा भाताच्या पेवात पडले होते, ते सांगितलं. जमिनीतलं धान्याचं पेव, वरून दगड लागलेला. तीन दिवस आत. लोक म्हणाले, गेला. चौथ्या दिवशी दगड काढला तर आजोबा आत मांडी घालून बसलेले, आणि पेवातला भात अर्ध्यावर आलेला. कच्चा खाल्ला म्हणे. आजीने विचारलं, भूक लागली होती का, तर म्हणाले, भूक नाही, पण मांडी घालायला जागा करायची होती.

हे हसले.

हसले आणि खोकला आला. असला खोकला की अंग दुमडून कपाळ गादीला लागलं. एक खोकला संपायच्या आत दुसरा. मी पाठ चोळत होते आणि हाताला बरगड्या लागत होत्या, आत-बाहेर, आत-बाहेर, आणि मध्ये हवाच नाही. वर बघितलं तेव्हा ओठ जांभळट झाले होते.

मी गप्प झाले. अख्ख्या आयुष्यात मी एक गोष्ट अशी अर्ध्यावर टाकलेली नाही. पण माझी गोष्टच यांना मारत होती.

तेव्हा मला अडकित्ता आठवला.

सुपारी सोडली असं मी यांना दिवाळीत सांगितलं होतं. सोडली नव्हती. चंची उशीच्या अभ्र्यात कोंबलेली होती, अडकित्त्यासकट. मी तो बाहेर काढला तेव्हा यांनी माझ्याकडे असं बघितलं की दुसऱ्या कुठल्या दिवशी अर्धा तास भांडण झालं असतं. आता नुसतं बोट वर केलं. दाराकडे. मधल्या बटणाच्या खाली.

मी अडकित्त्याच्या पात्याने रेक्झिन फाडलं. फोम हाताने उपसला. पिवळे तुकडे घामाने अंगाला चिकटले. खाली प्लायवूड. पातळ, पण कडेने सगळीकडे स्क्रू, आणि मी काय सुतार आहे? मी टोक घालायचा प्रयत्न केला. घसरलं, बोट कापलं.

मागे पत्र्यावर आवाज झाला. टक.

मी थांबले. कारखान्यात ग्राइंडरच्या गोंगाटात माणसाचं बोलणं ऐकू येत नाही, म्हणून तिथे पत्र्यावर ठोकून बोलायचे. एक म्हणजे थांब. दोन म्हणजे मार. तीन म्हणजे बस, झालं. मी डबा घेऊन जायचे तेव्हा दारात उभी राहून ऐकत बसायचे. यांना आता बोलता येत नव्हतं. श्वास बोलण्यात घालवायचा नव्हता. यांनी माझं मनगट धरलं, अडकित्ता माझ्या हातात उलटा केला, मूठ पुढे. माझा हात खालच्या कोपऱ्यावर नेऊन ठेवला, जिथे प्लायवूड थोडं फुगलं होतं.

टक टक.

मी मारलं.

टक टक.

परत मारलं. तिसऱ्या फटक्याला कोपरा तडकला. मी तडकलेल्या जागेत अडकित्ता घुसवून रेटला. लाकूड कुरकुरलं. मागे टक टक. रेटलं. टक टक. हात बधिर झाले, डोळ्यांत घाम, रक्ताने मूठ निसटत होती. मी मनात एवढंच धरून होते, की ठोकतायत म्हणजे आहेत. ठोकतायत म्हणजे आहेत.

मग मागून काही आलं नाही.

मी वाट बघितली. शिट्टीचा आवाजही नाही. सगळं गच्च शांत, आणि बाहेर लांब कुठेतरी ट्रेनचा भोंगा.

मी मागे वळून बघितलं नाही. सांगते ना, हिंमत झाली नाही. बघितलं असतं तर माझे हात थांबले असते. मी दोन्ही तळव्यांनी अडकित्ता धरला आणि अख्खी त्याच्यावर पडले, पत्र्यावर बसायचे तशी. प्लायवूड मधोमध फाटलं. आत सळया दिसल्या, काळ्या, ग्रीस लावलेल्या, दोन. कुठली खाली ओढायची, कुठली वर ढकलायची, मला काही माहिती नव्हतं. मी वरची सळई अडकित्त्याच्या जबड्यात धरली आणि खाली ओढली. हलली नाही. परत ओढली.

मागे, एकदम हळू, नखाने वाजवल्यासारखं: टक टक.

मी ओढली. खट् झालं, आणि दार उघडून मी डोक्यावर बाहेर पडले, तोंडात माती.

पुढचं मला तुकड्या-तुकड्यांत आठवतं. मागे धावले. झाकण वर केलं. मसाल्याचा डबा उलटला, हळद पायांवर. पंप. यांना खांद्याला धरून दारापर्यंत ओढलं, डोकं बाहेर. दाबला. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा आत हवा गेल्याचा आवाज आला, आणि मी मातीत बसले.

थोड्या वेळाने रखमाबाई ताकाचा तांब्या घेऊन आल्या. "काय झालं वो? मगाशी तुमी हात केला, मी पन केला. म्हनलं म्हातारा-म्हातारी खुशीत हायेत." मग त्यांनी माझे हात बघितले, माझे पाय बघितले आणि तांब्या तसाच खाली ठेवला.

यांनी ताक घेतलं नाही. बांधावर बसले, श्वास हळूहळू लागत होता. फाटलेल्या दाराकडे बघत होते.

"किती कपाटं बनवली मी," एवढंच म्हणाले.

"सोडा हो."

"लहान मुलं लपतात कपाटात."

मला ते सुचलंच नव्हतं, आणि सुचल्यावर उन्हातसुद्धा अंगावर काटा आला.

पाच वाजता कैलास आला. त्याने सगळं बघितलं, एक शब्द न विचारता करंजी पिकअपला जोडली आणि दार सुंभाने बांधलं. आमचं बदलापूर येईपर्यंत मी एकच विचार केला. हे कोणाला कळता कामा नये. उल्हासनगरात यांना ओळखणारा प्रत्येक पत्रेवाला हसेल: शशिकांत स्वतःच्याच कपाटात अडकला. या माणसाकडे दुसरं काही नाही, हाताचं नाव आहे. ते जाऊ द्यायचं नाही.

गेटमध्ये शिरलो तर सगळे बाकावर. गोदूताई, हिमानी, जितेश. "आले, आले कन्याकुमारीवाले. अगं, हाताला काय झालं?"

मी तयारच होते. "अहो, खोंड," मी म्हटलं. "एवढा. आम्ही आत झोपलेलो, तो आला आणि दाराला टेकून बसला, सावलीला. दार उघडेना. आम्ही आतून ढकलतोय, तो बाहेरून रवंथ करतोय. मी आतून अख्खा हरिपाठ म्हटला, तेव्हा त्याला झोप लागली आणि तो कुशीवर कलंडला. तेवढ्यात आम्ही दार फोडून बाहेर."

सगळे हसत होते. गोदूताई डोळे पुसत होत्या. मला वाटलं, सुटलो.

"खोंड नव्हता," हे म्हणाले.

पिकअपच्या मागे उभे होते, सुंभाची गाठ सोडत. गाठ सोडून झाली, मग पुढे आले. "दार मी चुकीचं बनवलं. आतून उघडत नव्हतं. माझा श्वास बंद झाला होता. हिने उघडलं."

सगळ्यांनी आधी यांच्याकडे, मग माझ्याकडे बघितलं. मग जितेश हसत सुटला. "काका, तुम्ही पण?"

"काकूंचा गुण लागला," हिमानी म्हणाली. "बेचाळीस वर्षं लागली, पण लागला."

"मी खरं सांगतोय," हे म्हणाले.

"काकासुद्धा काय सिरियस तोंडाने सांगतात बघ," जितेश म्हणाला. "मला खोंडवाली आवडली पण."

हे तिथे उभे राहिले, सगळे हसत असताना, हात बाजूला सरळ सोडून. मग मान हलवली आणि हत्यारांची पेटी आणायला वर गेले. मी बाकावर बसून राहिले. मला माझ्याच गोष्टीचा इतका राग कधी आला नव्हता. गोदूताई म्हणाल्या, "पुढे काय झालं गं खोंडाचं?" मी म्हटलं, "मेला."

आठ दिवस हे करंजीजवळच होते. अधूनमधून ओळखीच्या घरी फोन लावायचे, ज्यांच्याकडे यांची जुनी कपाटं आहेत आणि लहान मुलं आहेत. हँडल काढून न्यायला येतो म्हणायचे. दोघांनी फोन ठेवून दिला, एकाने विचारलं, काका, तब्येत बरी आहे ना. छताला जाळीचं भोक केलं. दाराला आतून लोखंडी मूठ लावली, पळीच्या दांड्याएवढी, अंधारातसुद्धा हाताला लागेल अशी. आणि नवव्या दिवशी सकाळी मला म्हणाले, "बघू."

"मी जाते आत," मी म्हटलं. भीती वाटत होती, पण म्हटलं.

"नको. माझी चूक आहे."

शर्टाच्या खिशातला पंप मला काढून दाखवला, परत ठेवला. वाकून आत गेले. दार ओढून घेतलं. बाहेरचं हँडल आपल्या वजनाने खाली पडलं. खट्.

माझा हात हँडलवर गेला.

"हात लावू नकोस," आतून आवाज आला. लांबून आल्यासारखा.

मी हात काढला. वाट बघितली. मूठ फिरल्याचा आवाज येईना. पार्किंगमध्ये कोणी नव्हतं. वरून कुठलीतरी चादर झटकल्याचा आवाज आला. मी कान पत्र्याला लावला. पत्रा थंड होता.

"अहो."

काही नाही.

"अहो, उघडताय ना?"

"उघडतो," हे म्हणाले. "जरा पडलोय."

"आत्ता?"

"बरं वाटतंय."

मी शेजारचा रंगाचा रिकामा डबा उलटा केला आणि चाकाजवळ त्याच्यावर बसले. वरच्या गॅलरीतून गोदूताईंनी वाकून विचारलं, "काय गं कुंदा, शशिकांतराव कुठे?"

"आत आहेत," मी म्हटलं.

हँडल अजून खालीच होतं. मी पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिले, सोडत राहिले, परत गुंडाळत राहिले.